आजचा शब्द

पीलीभीतच्या शाखेत शिरलं की डाव्या हाताला,
पाण्याच्या कूलरच्या वर, हातभर रुंदीचा फळा.
रोज पावणेदहाला निरुपमा सक्सेना
त्यावर एक शब्द लिहीत,
वर हिंदीतून, खाली इंग्रजीतून,
मग खडूची बोटं रुमालाला पुसत,
रुमालाची चौघडी करत,
आणि खुर्चीत बसत.

मी बदलीवर गेलेलो.
त्यांचे शब्द माझ्या कानाला
नात्यातल्या माणसांनी वेषांतर करावं तसे:
त्यांची शिक्षा म्हणजे शाळा, माझी म्हणजे छडी.
त्यांचा व्यस्त माणूस कामात बुडालेला,
माझं व्यस्त फक्त गणितात, उलट्या प्रमाणात.
हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या.
'मग तुमचंच बरोबर,' म्हणाल्या,
'शब्द जितका शुद्ध, तितके बोलणारे कमी.'

आहरण. प्रेषिती. अधोहस्ताक्षरी.
खाली रांगेतली माणसं म्हणत,
बैलेंस बता दो, फारम दे दो, लिंक कब आएगा.
बासऱ्या घडवणारे नवाजिश मियां
आसामच्या बांबूचे पैसे भरायला येत,
फळ्याकडे पाहून आवाज खाली आणत:
'आज कौन गुज़र गया, मैडम?'
त्या चष्म्यावरून पाहत. 'अनुस्मारक.'
'अल्लाह मग़फ़िरत करे,' म्हणत ते स्लिप भरत.
सोबतचा धाकटा मोबाइलमधून मान वर काढी.
'मग़फ़िरत क्या, अब्बा?'
त्यावर मात्र
दोघांपैकी कुणीच हसत नसे.

एकदा डबा खाताना, कढीत पोळी बुडवत, त्या म्हणाल्या:
'घरी मी तरी कुठे बोलते?
माझ्या आईच्या तोंडात आहरण गेलं असतं
तर बी आहे समजून थुंकून टाकलं असतं तिनं.
दिल्लीत बसून कुणीतरी शिवले हे कपडे,
अंगाचं माप न घेता.
पण चौतीस वर्षं इस्त्री मी केली.
कुणी घालत नाही म्हणून
आता काय फाडून लादी पुसू?'

जूनच्या तीस तारखेला हार, शाल, समोसे.
त्या सकाळचा शब्द होता अतिदेय,
म्हणजे मुदत उलटून गेलेलं.
तो तसाच राहिला. पुसायला कुणी नेमलेलं नव्हतं.
कूलरच्या ओलीनं आधी मात्रा फुगली,
मग खालचं इंग्रजी गेलं,
आणि दसऱ्याला
सोनेतारण कर्जाची हसरी बाई त्यावर चिकटली.

राहिला नेतराम गंगवार.
दुनळी बंदूक खांद्याला लावून आठ तास दारात उभा,
समोर फळा, दुसरं बघायला काही नाही.
टोकनच्या जुन्या वहीत, मागून सुरुवात करून,
त्यानं ते सगळे शब्द उतरवलेले,
वेलांट्या उलटसुलट.
त्याच्या सुनेची पहिली मुलगी
नऊ दिवसांची होऊन गेली होती.
दुसरी झाली तेव्हा तो वही घेऊन आला,
एका शब्दावर बोट ठेवून विचारलं,
ही जमा म्हणजे दर महिन्याला परत येते तीच ना?
निरुपमाजी होत्या तेव्हा. म्हणाल्या, तीच.
आणि बराच वेळ
ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

परवा, चार वर्षांनी, त्या बाजूला गेलो.
उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत त्याची गल्ली.
आम्ही दोघं बाजेवर, चहात आलं जास्त.
गच्चीवरून सून हाक मारत होती:
'आवर्ती! ओ आवर्ती!'
गल्लीच्या टोकाला एक झिपरी पोर,
हातात सोललेल्या उसाचं कांडं,
तिनं मानसुद्धा वळवली नाही.
'ए आरू!'
तशी धावत आली.

नेतरामनं कप खाली ठेवला,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
'पासबुक में पूरा लिखा है, साहब.'